मागचं दार तारेने बांधून गाडी चालते, मामांना नाही कसं म्हणू?

पत्र थोडक्यात (नाव, गाव, गाडीचा नंबर काढून टाकलाय):

जळगाव जिल्ह्यातले एक वाचक, वय तिशीच्या आसपास, सख्ख्या मामांच्या ट्रान्सपोर्टमध्ये बंद बॉडीचा ट्रेलर चालवतात. जळगाव एमआयडीसीतून चटई, पाईप, डाळ भरायची, भिवंडीला खाली करायची, येताना मिळेल तो माल आणायचा. ट्रेलरच्या मागच्या दाराचं उजवं कवाड नीट लागत नाही. खालचा लॉक झिजलाय, हँडल पूर्ण बसत नाही, म्हणून बरेच महिने बाइंडिंगच्या तारेने बांधून गाडी चालते. मध्यंतरी पारोळ्याच्या पुढे धुळ्याकडे जाताना तार तुटली आणि कवाड सरळ बाहेर आलं. मागून ओव्हरटेकला एक मोटरसायकल होती, नवरा-बायको आणि पुढे टाकीवर लहान पोरगं. त्या माणसाने वेळेवर ब्रेक मारला म्हणून सगळे वाचले. यांनी गाडी कडेला घेतली, परत तार बांधली आणि पुढे निघाले.

परत आल्यावर अड्ड्यावर विषय निघाला आणि मोठा वाद झाला. एकजण म्हणे मोठं कुलूप लाव, संपला विषय. दुसरा म्हणे माल भरणाऱ्याने दार लावलं, सील मारलं, मग ड्रायव्हरचा काय संबंध. तिसरा म्हणे दार बघणं क्लीनरचं काम. आणि ज्यांच्याकडे हे गाडी शिकले ते नाना म्हणाले, "इतला वरीस व्हई ग्यात, कधी काही व्हयनं का?" यांनी तीन-चार नियम कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीला चिकटवले, ते दुसऱ्या दिवशी कोणीतरी फाडले, आणि मामा सगळ्यांसमोर बोलले की तू आता आम्हाला नियम शिकवणार का. वडिलांच्या ऑपरेशनला मामांनी पैसे दिलेत, ते अजून फिटायचे आहेत. आता प्रश्न असा की नोकरी सोडू का गप्प बसू, आणि ताई, मी उगाच बाऊ करतोय का?

भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाही, तुम्ही बाऊ करत नाहीये.

तुमची गाडी साधारण आठ फूट रुंद, म्हणजे एक कवाड चार फुटाच्या आसपास. ते बिजागरीवर फिरून पूर्ण बाहेर आलं की गाडीच्या बाजूला चार फूट लोखंड आडवं उभं राहतं, आणि ट्रेलरचा तळच जमिनीपासून चारेक फुटावर असतो, म्हणजे कवाडाची खालची कड बरोब्बर मोटरसायकलवाल्याच्या छाती-डोक्याला येते. त्यात बहुतेक कंटेनर बॉडीला उजवं कवाड शेवटी लागतं आणि डाव्याच्या कडेवर बसतं, म्हणून सुटलं तर पहिलं उजवंच सुटतं, आणि आपल्याकडे उजवी बाजू म्हणजे ओव्हरटेकची बाजू. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. त्या माणसाला विचार करायला किती वेळ मिळाला असेल बघा. त्याने ब्रेक मारला हे त्याचं भान होतं, आपल्या तारेचं काम नव्हे.

आता नानांबद्दल. तुमच्या पत्रात नानांवरचा राग दिसतो आणि तो मला समजतो, पण मला वाटतं तुम्ही त्यांचं म्हणणं अर्धंच ऐकलंय. माझ्या माहेरी धुळ्याला ट्रान्सपोर्टचंच काम, त्यामुळे नानांच्या वयाची ड्रायव्हर मंडळी मी लहानपणापासून बघत आलेय. त्यांचं आयुष्य उघड्या बॉडीच्या गाड्यांवर गेलं. कापसाच्या गाठी, केळी, कांदा, सगळं हौद्यात भरायचं, वरून ताडपत्री, रस्सा, आणि मागे फाळका, म्हणजे खाली उघडणारी आडवी फळी. फाळक्याची बिजागरी खाली असते. चालत्या गाडीत त्याची पिन निघाली तर तो मागे खाली पडतो, गाडीच्या रुंदीच्या बाहेर जात नाही, आणि माल मुख्यतः रश्शाने धरलेला असतो. म्हणजे नाना खोटं बोलत नाहीयेत, फाळक्याच्या गाडीने बाजूच्या मोटरसायकलवाल्याला असं आडवं कधी धरलं नसेल. पण कंटेनरच्या दाराची बिजागरी बाजूला असते आणि ते बाहेर फिरतं. त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव खरा आहे, तो दुसऱ्या दाराचा आहे इतकंच. हे त्यांना भांडून पटणार नाही, गाडीच्या मागे नेऊन कवाड हाताने फिरवून दाखवलं तर कदाचित एका मिनिटात पटेल.

आणि नानांकडे एक गोष्ट आहे जी त्या कागदावर बहुतेक नसेल. जुना ड्रायव्हर फाळक्याची पिन काढताना कधीही समोर उभा राहत नाही, पोरांनाही राहू देत नाही. कापसाची एक गाठ १७० किलोची असते, ती अंगावर आली तर माणूस उठत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. चालत्या गाडीचं दार आणि उभ्या गाडीचं दार हे दोन वेगळे धोके आहेत. तुम्ही पहिल्याबद्दल बोलताय, नानांना दुसरा पाठ आहे. अड्ड्यावर दोघं एकमेकांच्या विरुद्ध बाजूला बसलात.

बाकी तिघांचंही बघू, कारण हाच वाद मला वाटतं प्रत्येक ट्रान्सपोर्टच्या दारात होत असेल.

कुलूपवाला. कुलूप चोरासाठी असतं. दार ज्याच्यामुळे बंद राहतं तो रॉड आहे, त्याच्या वर-खाली जो आकडा असतो तो चौकटीवरच्या खोबणीत शिरला आणि हँडल फिरून आपल्या जागी पूर्ण बसलं की दार लागलं. आकडा झिजलेला, खोबण फाकलेली, आणि वरून हँडलला पितळी कुलूप लटकवलं तर हँडल जागेवर राहील पण खाली कवाड हलत राहील, आणि सारखं हलणारं कवाड एक दिवस निघतंच. सीलचंही तेच. सील सांगतं की दार मधे कोणी उघडलं की नाही, जाड बोल्ट सील असलं तरी त्याचं काम चोरी पकडणं आहे, दार धरून ठेवणं नाही. कुलूप लावा, जरूर लावा, भिवंडीच्या रांगेत रात्री ते लागतंच, फक्त ते लावलं म्हणून दाराचा विषय संपला असं धरू नका.

तार का तुटते तेही सांगते, कारण तुम्ही परत तीच बांधलीत. जळगावहून भिवंडीला जाताना मालेगाव सोडलं की राहुड घाटाचा चढ लागतो. चढावर माल मागे रेलतो, त्यात पीव्हीसी पाईप असले तर ते गुळगुळीत, सरळ दारावर येऊन टेकतात. पुढे कसाऱ्याच्या उतारावर ब्रेक लागले की माल पुढे सरकतो, दारावरचा दाब जातो आणि कवाड खडखडायला लागतं. म्हणजे तार एकदा ताणली जाते, एकदा ढिली पडते, प्रत्येक खड्ड्याला एकाच जागी वाकते, सरळ होते, वाकते. असं करून कोणतीही तार तुटते, जाड घेतली तर चार दिवस उशिरा तुटेल. रिकामी गाडी येताना तर खडखड आणखी वाढते, त्यामुळे गाडी रिकामी आहे, चालतंय, हेही मनातून काढा. त्या मोटरसायकलवाल्याला आत माल आहे का नाही याने काय फरक पडणार होता.

आता जबाबदारी कोणाची. भरणाऱ्याने लावलं, क्लीनरने बघायचं, मालकाने दुरुस्त करायचं, असं म्हणत म्हणत दार कोणाचंच राहत नाही. कायदा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. गाडीत किंवा ट्रेलरमध्ये असा दोष असेल ज्याने रस्त्यावरच्या लोकांना धोका आहे, आणि तो दोष चालवणाऱ्याला माहीत होता किंवा साध्या काळजीने बघितला असता तर कळला असता, तर तो गुन्हा आहे. आणि तो फक्त चालवणाऱ्याचा नाही, चालवायला लावणाऱ्याचा आणि चालवू देणाऱ्याचाही. म्हणजे तुम्ही पण आणि मामा पण. २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १५०० रुपये, आणि त्या दोषामुळे अपघातात कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण जीव गेला तर प्रकरण इथे थांबत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर मंडळींनी ज्याच्यावरून गाड्या उभ्या केल्या ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६चं दुसरं पोटकलम होतं, ठोकून पळून जाणाऱ्यासाठीचं, १ जुलै २०२४ला कायदा लागू झाला तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झालाय की १०६ लागूच नाही. तसं नाहीये, पहिलं पोटकलम लागू झालंय, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. आणि झिजलेल्या लॉकला तार बांधलेली गाडी पोलिसांनी उभी केली तर दोष माहीत नव्हता असं तुम्ही म्हणूच शकत नाही, तारच साक्षीदार आहे. विमा कंपनी पण अशा वेळी गाडीच्या अवस्थेवरून वाद घालू शकते, मग तो खर्च मामांच्या घरावर येतो.

क्लीनरला शिकवा, त्याला बरोबर घेऊन बघा, पण शेवटचा हात तुमचाच पाहिजे. ज्याच्या पायाखाली एक्सिलेटर आहे त्याने दार बघायचं. मी तरी यात दुसरं मत ठेवू शकत नाही.

हे सगळं मी मामांना धमकी म्हणून सांगा असं म्हणत नाहीये हं. उलट इथेच मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट खटकली. तुम्ही धरून चाललाय की मामा नाही म्हणाले. पण पत्र परत वाचलं तर मामा दाराच्या दुरुस्तीला नाही म्हणाल्याचं मला कुठे दिसत नाही. ते कागदाला नाही म्हणाले, आणि तेही चार ड्रायव्हर, क्लीनर, मुनीम बघत असताना. आपल्याकडे भाच्याचा मान मोठा असतो, पण अड्ड्यावर सगळ्यांसमोर भाच्याने मामाच्या ऑफिसच्या भिंतीवर नियम लावले तर कुठल्याही मामाला ते आपल्या धंद्यावरचं बोट वाटेल. तुम्ही त्यांना एकट्याला गाठून, मामा, या दाराचं काम करून घेऊ, इतका खर्च आहे, असं सरळ विचारलंय का? आणि त्या मोटरसायकलवरच्या पोराबद्दल सांगितलंय का, का अड्ड्यावर फक्त तार तुटली एवढंच सांगितलं? पत्रात मला ते लिहिलंय, मामांना सांगितलं असं लिहिलेलं नाही.

म्हणून नोकरी सोडू का गप्प बसू हा प्रश्न मला आत्ता घाईचा वाटतो. त्याच्या आधी एक काम आहे.

गाडी रिकामी असताना एखाद्या चांगल्या वेल्डरकडे न्या, ज्याने कंटेनर बॉडीची कामं केली आहेत अशाकडे. त्याला नुसतं डाग मार म्हणू नका. दाराची बिजागरी आणि तिच्या पिना बघायला सांगा, कवाड खाली लोंबलंय का ते बघा, कारण पुष्कळदा लॉक झिजण्याचं कारण बिजागरीत असतं, कवाड अर्धा इंच खाली आलं की आकडा खोबणीत नीट शिरतच नाही आणि घासत राहतो. नुसती खोबण बदलली तर चार महिन्यांत परत तेच. रॉडच्या ब्रॅकेट, वरचा-खालचा आकडा, हँडलची पकड, हे सगळं एकदमच करून घ्या. गाडी नवी असेल, बीएस-६ची, तर वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे टर्मिनल काढायला विसरू नका, नाहीतर दाराच्या नादात ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर जायचा. खर्च विचारून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. मोठा नसतो हा खर्च, भिवंडीच्या एका फेरीच्या डिझेलपुढे तर नाहीच.

मग ती चिठ्ठी घेऊन मामांकडे घरी जा, ऑफिसला नको. जेवणं झाल्यावर बसा, मामी असतील तर बरंच आहे. त्या दिवशी रस्त्यावर काय झालं ते पहिल्यापासून सांगा, मोटरसायकलवर कोण होतं ते सांगा. कलमं लगेच काढू नका, मामांनी विचारलं तर सांगा. आणि बोलणं "करू का" वर संपवू नका, "सोमवारी गाडी रिकामी आहे, मी नेतो, संध्याकाळपर्यंत होईल" असं म्हणा. मालकाला नियम ऐकायला आवडत नाही पण झालेलं काम आवडतं. बोलणं झालं की रात्री व्हॉट्सअपवर साधा मेसेज टाका, मामा, उजव्या दाराचा लॉक झिजलेला आहे, फोटो पाठवतोय, सोमवारी नेतो म्हणून. यात मामांना अडकवण्याचा हेतू नाही, पण लिहिलेलं असलं की दोघांच्याही लक्षात राहतं.

तरीही नाही म्हणाले तर? तर तुम्ही नोकरीला नाही म्हणायचं नाही, त्या गाडीला नाही म्हणायचं. दार होईपर्यंत ही गाडी मी काढत नाही, दुसरी द्या, अर्धी मजुरी द्या, ऑफिसचं काम सांगा, सगळं करतो. हे शांतपणे, एकदाच. मला मनापासून वाटतं की सख्खा मामा इथपर्यंत जाणार नाही. पण गेलाच, आणि तारेनेच गाडी काढायला लावली, तर मग सोडा. दुसरीकडे पगार दोन पैसे कमी मिळेल तरी सोडा. त्या दिवशी जे पोरगं वाचलं ते पुढच्या वेळी वाचेलच असं कोणी सांगितलंय, आणि ते ओझं मामा घेणार नाहीत, ते तुमच्याच मनावर राहणार आहे जन्मभर.

आता तुमचे नियम. कागद फाडला गेला त्याचं वाईट वाटून घेऊ नका, भिंतीवरचा कागद तसाही कोणी वाचत नाही. रोजच्या हालचालीत बसेल तेच टिकतं. मी काही गोष्टी लिहिते, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या बाकी ड्रायव्हर-क्लीनर मंडळींसाठी पण, यातलं काय चालतं काय नाही ते तुम्ही जास्त जाणता.

दार लावायच्या आधी आत बॅटरी मारून बघा आणि मोठ्याने आवाज द्या. हे मी सगळ्यात आधी का लिहितेय, तर आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५च्या वर जातो, हमाल लोक दुपारी सावली बघून रिकाम्या कंटेनरात आडवे होतात. बाहेरून रॉड लागला की बहुतेक साध्या बॉडीला आतून उघडायची सोय नसते. पत्र्याच्या बंद डब्यात त्या उन्हात माणूस किती वेळ टिकेल. दोन सेकंदाची हाक आहे, मारा.

मग डावं कवाड आधी, उजवं नंतर. रॉडांची सगळी टोकं, म्हणजे वरचे आणि खालचे आकडे, खोबणीत बसलेत का ते डोळ्याने बघा, वरचा दिसत नसेल तर चार पावलं मागे जाऊन बघा. आणि नुसतं बघून सोडू नका, बैलाचं दावं बांधल्यावर आपण एकदा ओढून बघतो ना तसं हँडल ओढून बघा. दारात माल टेकलेला असेल, कवाड खांद्याने ढकलून लावावं लागत असेल, तर तसं लावू नका, मुकादमाला सांगून शेवटचा थर परत लावून घ्या, पट्टा किंवा दोर आडवा बांधून घ्या. दार माल अडवायला नसतंच. २०१४ साली आयएमओ, आयएलओ आणि युएनईसीई या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून कंटेनर कसा भरावा याचा सीटीयू कोड काढला, त्यातही हेच आहे की दार उघडल्यावर माल बाहेर पडणार नाही असा तो आतच बांधलेला पाहिजे. भरणारा घाई करतो, त्याला पुढची गाडी लावायची असते. त्याच्या घाईने तुमची सही होऊ देऊ नका, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात घ्यायच्या आधी दार बघा, नंतर नाही.

निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला एकदा थांबा, माल तेवढ्यात बसलेला असतो. त्यानंतर जिथे चहाला, टायर बघायला उतराल तिथे, आणि घाटाच्या आधी आणि नंतर. वेगळं थांबायची गरज नाही, टायरला ठोकून बघता तेव्हाच मागून फिरून या.

उघडताना मात्र घाई अजिबात नको, तिथे नानांचं ऐका. कंटेनरचं कवाड शंभर किलोच्या घरातलं असतं, मागून माल रेललेला असेल तर ते हातातून सुटून तुम्हालाच फेकून देईल, फाळक्यासारखं बाजूला उभं राहून इथे भागत नाही कारण दार बाजूलाच येतं. म्हणून हँडल फिरवायच्या आधी दोन्ही कवाडांच्या मधल्या दोन रॉडांना मिळून एक मजबूत पट्टा वळसा घालून बांधा, चार-सहा इंच ढील ठेवून. मग हँडल काढा. कवाड तेवढंच उघडेल आणि थांबेल. आत बघा. माल टेकलेला दिसला तर तसंच ठेवा, खाली करणाऱ्यांना बोलवा, फोर्कलिफ्ट येऊ द्या. मोकळं असेल तर पट्टा काढा आणि कवाड दोन्ही हातांनी धरून सावकाश पूर्ण फिरवा, लगेच साइडच्या हुकाला अडकवा, सोडून देऊ नका. साक्रीकडे सुरत रोडला जाणारे जे आहेत त्यांना वारा माहीत आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या त्या वाऱ्यासाठीच आल्यात, तिथे मोकळं सोडलेलं कवाड एका झोतात फिरतं आणि मागे उभ्या माणसाची बोटं किंवा डोकं त्यात येतं. उतारावर उभी गाडी असेल तर आधी सपाटीला घ्या.

आणि अंगणातल्या अंगणात गाडी हलवताना दार उघडं ठेवायची जी सवय आहे ना, दहा फूट तर घ्यायचीय म्हणून, ती बंद करा. डॉकला रिव्हर्स लावताना दार उघडं लागतंच, तेव्हा हुकात अडकवलेलं हवं आणि मागे माणूस नको.

एक्सपोर्टचे कंटेनर ओढणारे वाचत असतील तर, दारावर धुरी दिल्याचा कवटीचा स्टिकर असेल तर ते दार तुम्ही उघडायचंच नाही, आत विषारी गॅस असू शकतो, ज्यांचं ते काम आहे त्यांना उघडू द्या.

समजा सगळं करूनही चालत्या गाडीत दार सुटलं. जोरात ब्रेक मारू नका, मागचा धडकेल आणि कवाड आणखी आपटेल. हॅझर्ड लावा, हळूहळू स्पीड कमी करा, डावीकडे पूर्ण कडेला घ्या. तुम्ही त्या दिवशी कवाड बांधायला गेलात तेव्हा ट्रॅफिकच्या बाजूला पाठ करून उभे होतात का, मला हे वाचताना तीच भीती वाटली. आधी त्रिकोण मागे लांब ठेवा, क्लीनरला रस्त्याच्या बाहेर उभं करून मागच्या गाड्यांवर लक्ष ठेवायला सांगा, मगच दाराला हात लावा. पट्टा केबिनमध्येच असू द्या, सीटखाली, तोच इथे पण कामाला येतो, पण तो फक्त जवळच्या वेल्डरपर्यंत जाण्यासाठी, सावकाश, डाव्या लेनने. भिवंडीपर्यंत जाण्यासाठी नाही. हायवेवर अडकलात तर १०३३वर फोन करा, आणि कोणाला लागलं असेल तर १०८. लागलेल्या माणसाला सोडून निघून जाऊ नका, जमाव भडकलेला असेल आणि थांबता येत नसेल तर सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जा आणि स्वतः सांगा, कायद्याने ते तुमचं कर्तव्यही आहे.

नानांकडे एकदा जा. माफी मागायला म्हणून नाही, पण कागद लावताना त्यांना विचारलं नव्हतं हे त्यांना लागलं असणार. दाराचं काम झालं की त्यांना म्हणा, नाना, एकदा मागे या, बघून द्या. नवीन क्लीनर पोरांना दार उघडायचं कसं ते त्यांनीच शिकवावं असं मामांना सुचवा, पट्टा तुम्ही आणून द्या. अड्ड्यावर पोरं तुमचं नाही ऐकणार, नानांचं ऐकतील, आणि तुम्हाला दार नीट लागलेलं हवंय, कोणाच्या नावाने ते लागलं याने काय बिघडतं.

राहिले ऑपरेशनचे पैसे. हे तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंय पण मला वाटतं तुमचं तोंड तिथेच बांधलं गेलंय. मामांनी पैसे दिले ते बहिणीच्या नवऱ्यासाठी, संकटात, ते उपकार आहेत आणि ते तुम्ही मानताच. पण त्या पैशात दाराबद्दल गप्प राहणं ठरलेलं नव्हतं, मामांनी पण तसं कधी म्हटलेलं नसेल, ते तुम्ही स्वतःच मनात जोडलंय. त्याची गाठ सोडवायला एक करा, मामांशी बोलून दर महिन्याला पगारातून ठरावीक रक्कम कापायची असं ठरवा, छोटी का होईना, आणि वहीत दोघांनी लिहून ठेवा. दाराचं बोलणं ज्या दिवशी कराल त्या दिवशी पैशाचं काढू नका, दोन्ही वेगळ्या दिवशी करा. आणि आधी दाराचं, कारण पुढची फेरी कधीही लागू शकते.